एदिवाल्दोची आई सोबत लागते

आई,

तू आणि तार्सिला झोपला होतात, म्हणून उठवलं नाही. रविवारी रेसिफे शहरात बसेस कमी, म्हणून लवकर निघतेय.

लष्करी न्यायालयातल्या सरकारी वकिलाच्या परीक्षेला अंगावर पिणारं मूल नेता येतं, पण सांभाळायला मोठं माणूस लागतं. मी अर्जात तुझं नाव घातलं होतं. काल तू म्हणालीस, "पहाऱ्यावर डोळा लागला म्हणून माझ्या पोराला ज्यांनी आत टाकलं, त्यांच्याच पंगतीला बसणार? नात सांभाळीन, पण त्या दारात पाय ठेवणार नाही."

एदिवाल्दो तुझा पोरगा, तसा माझा भाऊही आहे गं. त्याला सलग किती पहारे लावले होते, हे त्याच्या खटल्यात एकाही वकिलानं विचारलं नाही. मला ते विचारायचंय.

काढलेलं दूध फ्रीजमध्ये आहे. तार्सिला बाटली धरत नाही, चमच्यानं पाज. फारच रडली तर तिला घेऊन परीक्षेच्या शाळेत ये; ओळखपत्र विसरू नकोस. दुपारी एकला फाटक बंद होतं, मग कुणालाच आत घेत नाहीत.

मक्याच्या रव्याचा कुसकुस झाकून ठेवलाय, खाऊन घे.

तू आली नाहीस तरी मी पेपर देईन. फक्त, पास झाले तर सांगायला मला तूच आहेस, आणि तुलाच ते ऐकायचं नाही.

जुसारा