एकशे वीस, ऐंशी

२६ ऑगस्ट
कम्युनिटी कॉलेजचा पहिला दिवस. नर्सिंग, दोन वर्षांची डिग्री. वर्गात अठ्ठावन्न वर्षांचा मी एकटा, बाकी पोरं. त्यांना माझा आधार होईल. कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांपाशी सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला कष्ट शिकवायला नकोत. रोज दोन तास अभ्यास करायचा. आजचा उद्या भरून काढणार.

३ सप्टेंबर
हॅस्किन्स बाई चांगल्या आहेत, पण पुटपुटतात. ब्लड प्रेशर हातानं घ्यायला शिकलो. दंडावरचा पट्टा फुगवायचा, हवा सोडत ठोके ऐकायचे. माझा स्टेथोस्कोप खराब निघाला, ठोका येतच नाही. पण निरोगी माणसाचं १२०/८०च असणार. शेजारच्या बाकावरच्या मरिसोलचं तेवढंच सांगितलं. ती म्हणाली, लायल, तुम्ही तर बाईंच्याही पुढचे निघालात!
यावर परीक्षा आहे. दोनदा चुकलं की सेमिस्टर गेलं. मला काळजी नाही.

८ सप्टेंबर, रविवार
बाई म्हणाल्या, घरच्यांवर सराव करा. घरची म्हणजे माझी मुलगी जोलीन, ती टूसानला. म्हणून मरिसोलच्या ग्रुपला दोन वाजता बोलावलं. बारा हॅम सँडविच केले. मागच्या खोलीत वाट पाहिली. कोणी आलं नाही. हल्लीच्या पोरांना शब्दाची किंमत नाही. जोलीनचाही फोन नाही. कामात असेल.

१५ सप्टेंबर, रविवार
आज येतो, असं मरिसोल म्हणाली होती बहुतेक. मान वळवून बोलते. कोणी आलं नाही. स्वतःच्या दंडावर सराव केला. १२०/८०.

२० सप्टेंबर
परीक्षा. स्टेथोस्कोप एक, कानात घालायच्या जोड्या दोन. बाई आणि मी एकाच वेळी ऐकणार. पेशंट ऑफिसातले ग्रब, लालबुंद गृहस्थ. मी १२०/८० सांगितलं. बाईंना म्हणे १७२/९८ ऐकू आलं. बाईंचं वय झालंय. माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहेत, पण झालंय.

२७ सप्टेंबर
दुसरी संधी. ग्रब आता गोळ्या घेत असतील, या हिशेबानं १३०/८५ सांगितलं. चूक.
बाई समोर बसल्या. एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, लायल, तुम्हाला ऐकू येत नाही. प्रेसवर काम केलेल्यांचं होतं असं. कान तपासा, यंत्रं बसवा, मग जानेवारीच्या बॅचला या.
म्हणालो, जानेवारीत मला जमेल का, बघावं लागेल.
पार्किंगमध्ये मरिसोल दिसली. विचारलं, रविवारी आला का नाहीत? ती ओरडलीच. आलो नाही? दोन्ही रविवारी आलो! बेल दाबून बोट दुखलं माझं. गाडी दारात, आत दिवा चालू. सगळे म्हणाले, म्हाताऱ्याला आपण नको असू. आता माझ्याकडेच बसतो आम्ही.
जाताना आणखी काहीतरी म्हणाली. तुम्हीही या, असं असेल. मान वळवली होती.

१३ ऑक्टोबर, रविवार
दोन्ही कानांत यंत्रं. फ्रिज गुरगुरतो, हे माहीत नव्हतं.
बेल तपासली. दाबायला बाहेर जावं लागतं, ऐकायला आत. बाहेर उभं राहून दाबली. आत वाजलेली स्पष्ट ऐकू आली.
सँडविच केले. कोणाला निरोप दिला नव्हता, पण सवयीनं येतील. दोन ते चार दाराशी खुर्ची टाकून बसलो.
कोणी आलं नाही. या वेळी खात्री आहे.