शाळेच्या गिलाव्याचा निवाडा

मंगळवार, ५ मार्च २०१९, सकाळी ११.२०
माणसांची हजेरी लिहीत होतो, तेवढ्यात मुख्य कंत्राटदाराशी चाललेल्या पैशांच्या भांडणात नेमलेल्या पंचाचा निवाडा आला. हरलो! हॅलिफॅक्सच्या शाळेत बत्तीस खोल्यांना गिलावा आम्ही केला. मुख्य कंत्राटदाराने उरलेले पैसे द्यायचे राहिले बाजूला — उलट आम्हीच त्याला अठरा हजार पौंड परत करायचे! कारण काय, तर 'ओलीचा अहवाल' — आमच्या गिलाव्यात ओल राहिली म्हणे. कसला अहवाल? आम्हाला कुणी दाखवलाच नाही! सगळे कागद दोनदा चाळले. नाहीच.
आमचे मालक आर्नल्डकाका, त्यांनी थापी फेकली. "पंच आहे की त्यांचा जावई?"

बुधवार, ६ मार्च
हजेरी पुन्हा लिहायला घेतली. अक्षर बिघडलं, त्याचाही राग येतोय.

शुक्रवार, ८ मार्च
लीड्सला वकीलबाईंकडे गेलो, मिस ओकशॉट. त्या म्हणाल्या, पंच चुकला तरी कोर्ट सहसा हात घालत नाही. आधी पैसे मोजा, मग भांडा. पण एका बाजूला न दाखवलेल्या कागदावर निवाडा दिला, तर तो मोडतो. "बाजू भक्कम आहे तुमची."
परतताना काका खूश. "बघ लेका, तुझी कागदांची खोड कामाला आली!"

बुधवार, १३ मार्च
मिस ओकशॉट यांचा फोन. "पंचाची फी कुणी भरली?"
निवाड्याबरोबरच बिल होतं. बिल आलं की त्याच दिवशी चुकतं करायचं — काकांकडे पहिल्या दिवशी हेच शिकलो. मीच भरली, त्याच दुपारी.
"सोबत काही लिहिलंत? निवाडा मान्य नाही, वगैरे?"
आभार लिहिले होते! स्पेलिंग तीनदा तपासून!
बाई म्हणाल्या, हरकत न नोंदवता फी भरली म्हणजे निवाडा मानला. समोरच्या वकिलांनी नेमकं तेच धरलंय. आता अहवालाचं रडगाणं कोर्ट ऐकणार नाही.
मूर्ख! मूर्ख! मूर्ख!
संध्याकाळी काकांना सांगितलं. ते नुसते थापी घासत राहिले.

गुरुवार, १४ मार्च
जेवणाच्या सुट्टीत काकांनी माणसांना सांगितलं, दावा बुडाला. त्यांच्यातला नॉरिस उसळला, "कुठल्या गाढवाने भरली ती फी?"
"मी," काका म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
मी चहाचा कप धरून उभा. तोंड उघडलं नाही.
खर्च — पंच ३,८४०, वकील १,१५०. देणं — १८,०००. येणं — काही नाही.