दोन निळी कार्डं

४ मार्च
...भांडी विसळून पालथी घातली होती, दूध उतू जायच्या बेतात होतं, आणि हे दारात बूट घालत होते. कार्ड मागितलं. मी ओल्या हातानेच फळीवरचं काढून दिलं. म्हणाले, "पुसून तरी द्यायचंस." झालं. एवढंच शेवटचं बोलणं! पुस्तकांत माणसं जाताना किती छान बोलतात.

वर्ष झालं. आज पेपरात आलंय — मेट्रोची जुनी कार्डं महिनाअखेर बंद. खिडकीवर नाव पटवून नवं घ्यायचं.

५ मार्च
लेकीचा फोन. बाबांचंही कार्ड देऊन टाक म्हणाली. दवाखान्यातून घड्याळासोबत मिळालं, ते तसंच कपाटात आहे. ठेवून काय करणार, तिचं बरोबरच. मी विषय बदलला.

७ मार्च
खिडकीवर गेले. तिथल्या मुलीने माझं कार्ड यंत्रावर ठेवलं, स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. हे पुरुषाच्या नावावर आहे म्हणाली. नाव वाचलं — ह्यांचं! कपाटातलं होतं, ते माझं. दोन्ही निळी, एकसारखी. त्या सकाळी घाईत मी त्यांना माझं दिलं, आणि वर्षभर त्यांचं घेऊन फिरते आहे.

कपाटातलंही पर्समध्ये घेऊन गेले होते, मग तिने ते लावून बघितलं.
"काकू, तुम्ही अजून आतच आहात. बाहेर पडल्याची नोंद नाही."

सांगितलं तिला. गाडीत ह्यांच्या छातीत कळ आली, स्ट्रेचरवरून बाजूच्या दाराने बाहेर नेलं. त्या गडबडीत कार्ड कोण लावतंय? तिने पुन्हा स्क्रीनकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, एक बटण दाबलं की तो प्रवास संपेल. ह्यांचं कार्ड मात्र जमा करावं लागेल. दाबू का?
आज नको, म्हटलं.

८ मार्च
म्हणजे यंत्राच्या लेखी मी गाडीत, आणि हे दर बुधवारी वाचनालयात, शुक्रवारी बाजारात. बाजाराचं नाव काढलं की ह्यांची कंबर दुखायची!

११ मार्च
दुपारी पुस्तक मांडीवर, डोळे मिटलेले. गाडी चालली आहे, कुठल्याच स्टेशनावर थांबत नाही. डब्यात मऊ उजेड. हे खिडकीशी, शेजारी मी. दोघंही बोलत नाही. बोलायची गरजच वाटत नाही.
जाग आली तेव्हा चहा गार झाला होता.
बटण दाबलं की ही गाडी गेली. ह्यांचा बाजारही गेला. एका दाबात सगळंच.

१९ मार्च
फाटकाला ह्यांचं कार्ड लावलं. टिंग. "चला," म्हटलं. मोठ्याने म्हटलं असणार — मागच्या बाई आपल्यालाच बोलावलं समजून पुढे आल्या.

२६ मार्च
लेक आली होती. सगळं सांगितलं. आधी हसली, मग नाक पुसत बसली. जाताना म्हणाली,
"आई, बाबा कधीच उतरले गं. तूच राहिलीस."
रागच आला.

२८ मार्च
काल खिडकीवर गेले. ह्यांचं कार्ड दिलं. मुलीने बटण दाबलं. नवं कार्ड घेऊन एक स्टेशन पुढे गेले, उतरले, आणि चालत घरी आले.