खोक्यावरचा नंबर

पुणे, ८ जानेवारी २०२५

ती. सौ. लीलामावशीस,
वैदेहीचा सा. न. वि. वि.

फोनवर कोण बोलतंय याचा आता भरवसा नाही, खात्याबद्दल विचारायचं ते लिहून विचार, तुझं अक्षर मी ओळखते, असं तू बजावलंस. म्हणून हे पत्र.

तुझ्या ऑनलाइन खरेदीच्या खात्यात कुणीतरी शिरलं. पासवर्ड बदलला, तीन मोबाइल मागवले, तेही भलत्याच पत्त्यावर. कंपनीला संशय आला आणि त्यांनी खातं बंद केलं. काकांच्या कानातल्या मशीनचे सेल याच खात्यावरून येतात, म्हणून जिवाला घोर लागलाय. मावशी, कोड सांगितल्याशिवाय असं होत नाही. दारात येईल त्याला तू चहा पाजतेस आणि त्याच्या गावाची चौकशी करतेस. नीट आठव, कोड कुणाला दिलास? रागावू नकोस.

तुझी,
वैदेही

अणदूर, १५ जानेवारी

चि. वैदेहीस,
लीलामावशीचे अ. उ. आ.

रागावले नाही. उलट पत्र आल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. तीस वर्षं शाळेत खडू कुणी पळवले तेवढंच शोधलं, एवढा मोठा चोर पहिल्यांदाच मिळाला.

काकांचा एकच सेल उरलाय. नळदुर्गात त्या मापाचा मिळत नाही, सोलापूरचा दुकानदार तीन आठवडे म्हणतो. म्हणून मशीन दिवसभर डबीत असतं. मी ओरडून बोलते, त्यामुळे आमच्या घरातलं सगळं गल्लीला कळतं.

आता कोड. मला काही आठवेना, कारण तो मला कधी आलाच नाही. माझा बटणांचा फोन होता तेव्हा खातं तू उघडलंस, तुझ्या नंबरावर. मी काही मागवायचं, तू सहा आकडे वाचायचे, मी दाबायचे. मग चोराला मी सापडले कुठं? काल गुरुसिद्धप्पाच्या खोबरं-भंडाऱ्याच्या दुकानी गेले. रिकामी खोकी मी त्यालाच देते. तो म्हणाला, लई मजबूत असत्यात, लोक मागून नेतात. प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी तशीच होती: माझं नाव, घराचा पत्ता आणि खाली तुझा नंबर.

म्हणजे त्याने फोन केला असेल तो मला नाही. मग कुणाला केला, याचं मला फार कुतूहल आहे.

तुझी मावशी,
लीला

पुणे, २२ जानेवारी

ती. सौ. मावशीस,
सा. न. वि. वि.

मला केला. ऑफिसात कामाच्या गडबडीत होते. लीलाबाईंचं अणदूरचं पार्सल येडशीत अडकलंय, कोड सांगा, असं एक माणूस फार अदबीने म्हणाला. तुझं नाव ऐकलं आणि मी सवयीने सहा आकडे वाचले. त्याच मेसेजात हा कोड कुणालाही सांगू नका असं लिहिलेलं असतं. तीन वर्षं ती ओळ सोडूनच मी तुला आकडे वाचून दाखवत आले.

पहिलं पत्र लिहिताना मला हे आठवत होतं का? थोडं आठवत होतं, मावशी. तरी तुलाच विचारलं. त्याची लाज वाटते, म्हणून फोनही केला नाही.

सायबर पोलिसांकडे तक्रार दिली, कंपनीने खातं परत उघडलं. आता खात्याला नंबर तुझाच जोडलाय. पासवर्ड तूच ठरव, मला सांगू नकोस. खात्याचा कोड मी मागितला तरी देऊ नकोस.

क्षमा असावी.
वैदेही

अणदूर, ३० जानेवारी

चि. वैदेहीस,
अ. उ. आ.

पासवर्ड ठेवला. तुला सांगणार नाही, फक्त एवढंच की त्यात काकांचं नाव नाही, त्याबद्दल ते थोडे रुसलेत. सेल काल आले. खोक्यावरची चिठ्ठी भिजवून काढली, मगच खोकं गुरुसिद्धप्पाला दिलं. चूक निम्मी माझीही होती.

दोन महिन्यांचा मुक्काम आटोपून देव नळदुर्गाहून अणदूरला परत आले. देव नेताना-आणताना दोन्ही गावचे मानकरी समोरासमोर बसून देव दिल्या-घेतल्याचा कागद करतात. दरवर्षीची ओळखीची माणसं, तरी कागद. मी जन्मभर हे बघतेय, आणि आपण दोघी आकडे वाऱ्यावर सोडत होतो.

एक सांगायचं राहिलं होतं. तो शेवटचा सेल काकांनी आरतीलासुद्धा घातला नाही. म्हणाले, देव काही बोलत नाही, वैदू बोलते. तुझा रविवारचा फोन येईल म्हणून तिन्ही रविवारी दहाला मशीन कानात घालून फोनजवळ बसले, अकराला काढून डबीत ठेवलं.

तुझी पत्रं मी त्यांना वाचून दाखवली. पण तो आवाज माझाच. या रविवारी तू फोन कर, लाज बाजूला ठेव. आमच्या दोघांची माया आहे तशीच आहे.

तुझी,
लीलामावशी