वितळलेल्या मिठात पडलेल्या अक्षता

सोलापूर, शुक्रवार, ता. ८ फेब्रुवारी १९७४

राजमान्य राजश्री अण्णाराव यांस, बार्शी मुक्कामी,

सिद्धप्पाचा शरणु शरणार्थ. तुमचा गुडघा थंडीने धरला होता तो आता सुटला असेल, आणि तुरीचा भाव तुमच्या मनाजोगा निघाला असेल असे समजून चालतो. इकडे सर्वांची प्रकृती उत्तम आहे. ('सर्वांची' यात बैठकीच्या खोलीचे छत धरू नये.)

रविवारी अक्कलकोटची मंडळी तुमच्या भाचीला, दाक्षायणीला, पाहून गेली. स्थळ तुम्ही आणलेले, तेव्हा हकीकत तुमच्या कानावर आली असणारच. पण ती ज्यांनी सांगितली ते त्या वेळी दाराकडे पळत होते. मी जागेवरून हललो नाही, म्हणून मीच क्रमाने लिहितो. आज पाच दिवस झाले, होकार नाही, नकारही नाही. तुमची बहीण माझ्याशी भाजी कोणती आणायची एवढ्यापुरतेच बोलते.

'त्या दिवशी शास्त्राचे काही काढू नका' असे तुम्ही बजावले होते. ते मी चार वाजून वीस मिनिटांपर्यंत तंतोतंत पाळले. मग मुलाचे वडील गुरुबसप्पा पोह्यांची बशी खाली ठेवून म्हणाले, "आमचा शिवपुत्र साखर कारखान्यात केमिस्ट हाय. आता त्यातलं तुमाला काय सांगायचं, तुमी भट्टीवरले की." मी सातवी पास आहे हे खरे. पण मिलच्या वर्कशॉपात ज्या मिठाच्या भट्टीत मागाचे सुटे भाग बुडवून पाणी देतात, म्हणजे पोलाद कडक करतात, तिच्यासमोर मी एकवीस वर्षे उभा आहे, आणि वितळलेल्या मिठाबद्दल वाचनालयात जे जे मिळाले ते डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचले आहे. तेव्हा शास्त्राचे मी काही काढले नाही. आत जाऊन फक्त स्टो आणला. (चोपन्न भाग शोरा, म्हणजे फटाक्यांच्या दारूतले पोटॅशियम नायट्रेट, आणि सेहेचाळीस भाग सोडियम नायट्रेट आदल्या शुक्रवारीच वजन करून, तव्यावर कोरडे करून ठेवलेले होते, हा योगायोग.)

स्टो मी पाटावर ठेवला. तो पाट दाक्षायणीसाठी मांडलेला होता आणि त्याभोवती तुमच्या बहिणीची रांगोळी होती. पण साऱ्या घरात समपातळीत तेवढाच एक पाट आहे, मी पाणसळ लावून पाहिले आहे. काचेच्या भांड्यात मिश्रण वितळून पाण्यासारखे स्वच्छ झाले. थर्मामीटर दोनशे पन्नास. त्यात सात रस्ता चौकातल्या दुकानातून आणलेले कोबाल्ट नायट्रेट टाकले, आणि गर्द जांभळा रंग उतरला. मग मी मंडळींना समजावले की धातूचा आयन एकटा कधी राहतच नाही. पाण्यात त्याच्याभोवती पाण्याचे सहा रेणू कोंडाळे करतात, तेव्हा तो गुलाबी दिसतो. वितळलेल्या मिठात पाणीच नाही, मग नायट्रेट त्याला घेरतात, तेव्हा जांभळा. आता यात साध्या मिठाची चिमूट पडली की चार क्लोराइड येऊन नायट्रेटांना उठवतात आणि त्यांच्या जागी बसतात. आयन तोच, वजन तेच, पण सोबत बदलली की रंग निळा. गुरुबसप्पांनी घड्याळ पाहिले. शिवपुत्राने मात्र विचारले, पाण्यात सहा आणि इथे चारच का? प्रश्न खोल होता, त्यामुळे मी चष्मा पुसायला घेतला. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून दाक्षायणी म्हणाली, "क्लोराइड अंगानं मोठे असतात आणि एकमेकांना ढकलतात. सहा मावत नाहीत." (मी हेच सांगणार होतो.) त्यानंतर शिवपुत्राचे भांड्याकडे पुरेसे लक्ष नव्हते, असे माझ्या वहीत नोंदलेले आहे.

आता मुख्य भाग. रंग बदलताना सर्वांना दिसावा म्हणून मी मंडळींना उभे केले, उजेड तिकडून म्हणून पूर्वेकडे तोंड करायला लावले, आणि शांतता राहावी म्हणून हात वर केला. मीठ टाकले. निळा रंग उतरू लागला. गुरुबसप्पांची थोरली बहीण काशम्मा यांची नजर अधू आहे. त्यांना दिसले ते एवढेच, की पाट आहे, रांगोळी आहे, अग्नी आहे, मंडळी उभी आहेत आणि यजमानांनी हात वर केला आहे. शेजारी ओटीच्या ताटात अक्षता होत्या. काशम्मांनी मूठ भरून टाकल्या. आणि एकाने अक्षता टाकल्यावर दुसरा हात आवरतो, असे आपल्याकडे आजवर झालेले नाही. अकरा जणांनी टाकल्या, त्यांत तुमची बहीणही (हात आपोआप उठला म्हणते). काही तांदूळ वाटेतच, भांड्यावर वाकलेल्या शिवपुत्राच्या आणि वात कमी करायला पुढे आलेल्या दाक्षायणीच्या डोक्यावर अडले. उरलेले आत गेले.

वितळलेल्या शोऱ्यात तांदूळ म्हणजे दिवाळी. दाक्षायणीने शिवपुत्राला बाहीला धरून मागे ओढले (उजवी बाही उसवली), आणि पुढच्याच क्षणी ज्वाळा छताला लागली. इजा कोणालाही नाही. गुरुबसप्पांच्या धोतराला आठ भोके पडली, सर्वांत मोठे मसुराच्या डाळीएवढे. माझ्या वर्कशॉपातल्या पाटीवर 'भट्टीजवळ लाकूड, तेल, चिंध्या, कोळसा आणू नये' असे लिहिलेले आहे. सोमवारी मी त्यात 'तांदूळ' वाढवले. यापलीकडे माझ्याकडून काही चुकले असे मला वाटत नाही, आणि तसे मी कोणाला लिहूनही देणार नाही. वहिनींस नमस्कार.

आपला
सिद्धप्पा

ता. क. येत्या सोमवारी सवड काढून अक्कलकोटला जाऊन या. चुकले म्हणून सांगा. माझ्या नावाने सांगितले तरी चालेल. दाक्षायणीने ते काचेचे भांडे पाच दिवसांत तीन वेळा घासले आहे, आणि ते पहिल्याच दिवशी स्वच्छ झाले होते.

आणखी ता. क. (शनिवार) पाकीट बंद करायचे राहिले ते बरे झाले. सकाळच्या एस.टी.ने काशम्मा आल्या, सोबत शिवपुत्र, तीच बाही अजून उसवलेली. काशम्मांनी बसायच्या आधीच सांगितले, "माझ्या हातानं दोघांच्या डोस्क्यावर अक्षता पडल्या. आता त्या वेचून परत घ्यायच्या व्हय? गुरुबसप्पाला मी सांगितलंय, भोकं धोतराला हायत, सोयरिकीला न्हाईत." तेव्हा अक्कलकोटला जाऊ नका. त्याऐवजी लग्नाच्या अक्षतांसाठी तुमच्या आडतीवरून चांगले तांदूळ पाठवा. मांडवात मी स्टो आणायचा नाही अशी त्यांची अट होती. मी विचार करून कळवतो म्हणेपर्यंत दाक्षायणीने ती मान्य करून टाकली.

शेवटचे ता. क. निळा रंग पहिला तांदूळ पडेपर्यंत किती सेकंद टिकला, हे वहीत लिहायचे राहिले होते. सर्वांत जवळ ते दोघेच होते, म्हणून मी दोघांना वेगवेगळे बोलावून विचारले. रंग बदलला होता हेच दोघांना ठाऊक नाही.