ओवीतलं सुमनचं नाव

मखमलाबाद, मंगळवार, १२ मे १९९८

लिही गं नाती, बोलते तस्संच. माझी लेक सुमन गेली, मागे राहिली तिच्या हळदीला मी रचलेली ओवी. तीही कॅसेटवाल्यांनी चोरली आणि तिच्या जागी दुसरंच नाव घातलं.

आज वकिलांकडे तडजोड झाली. कॅसेटवाल्यांनी पैसे दिले, मी अंगठा दिला. मग विचारलं, "सुमनचं नाव परत कधी घालणार?"

वकील म्हणाले, "आजी, ते कागदात नाही. ओवी आता त्यांची."

घ्या! आधी अंगठा, मग अक्कल.

शाई घासली, जात नाही. संध्याकाळी शेजारी हळद दळायला गेले. पोरींनी तीच ओवी धरली, कॅसेटमधल्या नावानं. शाईच्या अंगठ्यानं जात्याचा खुंटा धरला, आणि माझ्याही तोंडून तेच नाव आलं.