बेटावरचा मुका मे महिना

प्रिय सिग्नी,

तुझं पत्र पोचलं. उत्तरेच्या कड्यांवरचा पक्ष्यांचा कलकलाट, ओल्या वाळूत ठोकलेले तंबू, समुद्रगरुड दिसल्यावर ढसाढसा रडलेल्या तुझ्या सहलीतल्या त्या पाहुण्या बाई, सगळं दोनदा वाचलं. पलीकडच्या बेटावरून टपाल घेऊन आलेल्या पेडरलाही वाचून दाखवलं. तो म्हणाला, "गरुड बघून रडायचं? माझं कोकरू उचलून नेतो तेव्हा मीही रडतोच की, मला कोण विचारतं?" भिजायला आणि कुडकुडायला लोक पैसे मोजून एवढ्या लांब येतात, हे त्याच्या डोक्यात काही शिरत नाही. मला मात्र तुझा अभिमान वाटतो. आजवर सांगितलं नव्हतं, म्हणून लिहून ठेवते.

पत्राच्या शेवटी तुझा दरवर्षीचा प्रश्न होताच. मे महिन्यात पाहुण्यांना आपल्या बेटावर आणू का? दरवर्षी मी नाही म्हणते आणि तू पुन्हा विचारतेस. हट्ट अगदी बाबांचा उचलला आहेस. तुमच्या लाल-पिवळ्या जॅकेटांची जत्रा किनाऱ्याला लागली, तर दर मे महिन्यात समुद्रावरून येऊन आपण केलेल्या घरट्यांत अंड्यांवर बसणारी रानबदकं उठतील ती पुन्हा यायची नाहीत, हे तुला मी काय सांगायचं? मे महिन्यात आपण रोज तेच, त्यांच्या ओळखीचे मळकट कपडे घालतो, कुत्रं पेडरकडे पाठवतो, हातोड्याला हात लावत नाही. लहानपणी तू एकदा धक्क्यावर पडलीस. गुडघा फुटला, तरी ओठ घट्ट मिटून घरी आलीस आणि दार लावून घेतल्यावर मग भोकाड पसरलंस. बाबांनी त्या दिवशी तुला अख्खं बेट फिरवून एकेक घरटं दाखवलं होतं.

बाबा गेले तेही मे महिन्यातच. त्यांना न्यायला आलेल्या होड्यांनी लांबच इंजिनं बंद केली आणि वल्ही मारत त्या धक्क्याला लागल्या. तुला हुंदका आवरेना, तेव्हा मी तुझ्या तोंडावर हात ठेवला. "आई, तुला बाबांपेक्षा बदकं मोठी," तू म्हणालीस, आणि तेही कुजबुजत. त्यानंतर तू मे महिन्यात कधी फिरकली नाहीस. माझं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. ती बदकं त्यांचीच होती, आणि माझ्या जागी ते असते तर त्यांनीही हेच केलं असतं.

यंदाही बर्फ वितळल्यावर मी दगडांमधली घरटी साफ केली, वाळवलेलं समुद्री शेवाळ अंथरलं. पाठ चांगलीच बोलायला लागली आहे. पेडर म्हणतो, "गुनवोर, या वयात आणखी किती बाळंतपणं करणार आहेस?" मी म्हटलं, तू तुझ्या मेंढ्या सांभाळ. माणूस चांगला आहे पण. छपराचा पत्रा वाऱ्याने आपटत होता, तर परवा हातोडा घेऊन आला. ठोकू का म्हणाला. मी ठोकू दिलं.

त्यावरून तू ओळखलंच असशील. यंदा एकही बदक आलं नाही. गेल्या वर्षी मोजकीच होती, तेव्हा मी तुला कळवलं नाही. कुणी म्हणतं, मिंक या मुंगसासारख्या प्राण्याने अंडी फस्त केली, कुणी म्हणतं, समुद्र बदलला. मला काही कळत नाही. मे संपत आला, मी रोज खिडकीशी बसते आणि घरट्यांतलं शेवाळ जसंच्या तसं पडून आहे. तेव्हा आण तुझ्या पाहुण्यांना, घालू देत त्यांना हवी ती जॅकेटं. पण त्यांच्या आधी तू एकटी ये. तुझ्या बाबांसाठी मी अजून एकदाही मोठ्याने रडलेले नाही. काल धक्क्यावर जाऊन उभी राहिले, आता दचकायला कुणी नाही म्हणून. तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. एकटीने जमत नाही गं.

तुझीच,
आई